मदत हवी आहे: चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली तर एक्स्टिंग्विशर वापरायचं का?

कोथरूडमधली जुनी सोसायटी आहे, एकच जिना, आणि इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जिंग पॉइंट नेमके त्या जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे तिथे पेटलं तर खाली यायची वाटच बंद. सध्या आग विझवायचं ६ किलोचं एबीसी पावडरवालं (घन, द्रव, गॅस अशा तिन्ही आगींसाठीचं) सिलिंडर आहे, दाबाचा काटा हिरव्यात, आयएसआय मार्कही आहे. मीटरपाशी सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) आहे, त्याला काटा नसतो म्हणून वजन करून घेतलं, भरलेलं आहे. पिन काढून पावडर ज्वाळांवर न मारता बुडाशी मारायची, पाठीमागे पळायला वाट ठेवायची, हे वॉचमनकाकांनाही दाखवून झालंय.

पण लिथियम बॅटरी पावडरने विझल्यासारखी दिसते आणि आत गरमच राहिल्याने परत पेटते असं कळलं, शिवाय धूर विषारी. रिफिलवाल्यांना विचारलं तर एक म्हणतो चालेल, दुसऱ्याला नवीन महागडं सिलिंडरच विकायचंय. पॉइंट हलवायचं मीटिंगमध्ये मांडणारच आहे पण आमच्या मीटिंगा तुम्हाला माहितीच आहेत.

तर फायरवाले किंवा अनुभव असलेले कोणी सांगेल का, तोपर्यंत मेन स्विच पाडून लांबून पाणी मारायचं का हात न लावता सरळ १०१ ला फोन करायचा? आणि जिन्यात धूर भरला तर वरच्यांनी खाली यायचं, गच्चीवर जायचं की दार लावून घरातच थांबायचं?