पहिला संशोधन-निधी अर्ज: उद्दिष्टं एकमेकांत अडकली आहेत, कशी सोडवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मुख्य संशोधक म्हणून हा माझा पहिलाच अर्ज. पीएचडीच्या काळात गाइडच्या प्रपोजलसाठी आकृत्या, संदर्भ, टाइमलाइन असलं पुष्कळ काम केलंय, पण अख्खा प्रस्ताव स्वतःच्या नावावर पहिल्यांदाच जातोय. प्रकल्प तीन वर्षांचा आहे आणि मुदत पुढच्या महिन्याच्या शेवटी संपते.

विषय असा: शेताच्या बांधावर फुलणारी झुडपं राखली, तर एकट्या राहणाऱ्या (पोळं न करणाऱ्या) मधमाश्या वाढतात का, आणि त्याचा फायदा शेजारच्या पिकाच्या फळधारणेला होतो का. उद्दिष्टं तीन लिहिली आहेत. पहिलं, बांधावर कोणत्या माश्या येतात आणि किती. दुसरं, त्यातल्या किती पिकात आतपर्यंत जातात. तिसरं, त्यांच्यामुळे फळधारणा वाढते का.

मसुदा एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिने पहिल्याच पानावर लिहिलं, "पहिल्या हंगामात माश्याच कमी सापडल्या तर पुढची दोन वर्षं काय करणार?" तेव्हापासून मी तिथेच अडकले आहे, कारण तिचं म्हणणं बरोबर आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरी अडचण प्राथमिक आकडेवारीची. एका हंगामाचं काम हातात आहे: चार शेतं, दोन झुडपांची आणि दोन उघड्या बांधाची, प्रत्येकात पाच प्लॉट. म्हणजे वीस प्लॉट. फरक चांगला दिसतोय. एवढं पुरेल का?

तिसरं, बजेट. काही जण म्हणतात कमाल मर्यादेएवढं मागून टाक, कपात होतेच. काही म्हणतात नवख्या माणसाने कमी मागावं, बरं दिसतं. मला दोन्ही पटत नाही, पण मग आकडा ठरवायचा कशावरून?

ज्यांनी अर्ज लिहिलेत किंवा तपासलेत त्यांनी कृपया स्पष्ट सांगा. या कामावर माझा मनापासून विश्वास आहे, निव्वळ मांडणीमुळे ते मागे पडू नये असं वाटतं.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं असे अर्ज तपासतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मैत्रिणीने नेमकं बोट ठेवलंय. पण उद्दिष्ट बदलायची गरज नाही, तिसरं उद्दिष्ट पहिल्याच्या खांद्यावरून खाली उतरवा. फळधारणा मोजायला माश्यांची संख्या आधी माहीत असावीच लागते असं नाही. एकाच झाडावर तीन प्रकारची फुलं ठेवा: काही जाळीच्या पिशवीत झाकलेली, काही उघडी, आणि काही उघडीच पण हाताने जास्तीचे परागकण लावलेली. हाताने लावलेल्या फुलांना उघड्या फुलांपेक्षा जास्त फळं धरली, तर पिकाला परागीकरण कमी पडतंय हे सिद्ध होतं, मग बांधावर माश्या दहा सापडोत की हजार. माश्या कमी निघाल्या तर तेच त्या तुटीचं एक संभाव्य कारण म्हणून तपासता येईल. म्हणजे पहिलं उद्दिष्ट फसलं तरी तिसरं उभं राहतं. हे पहिल्या पानावर दोन वाक्यांत लिहा. अमेरिकेच्या एनआयएचच्या (तिथली वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) अर्जात उद्दिष्टांसाठी वेगळं एकच पान असतं. तुमच्या फॉर्ममध्ये तशी सक्ती नसली तरी ते एक पान लिहून काढाच. समितीतले सगळे सदस्य बारकाईने वाचतील असं पान बहुधा तेवढंच असतं.

आता वीस प्लॉट. इथे मी कडक बोलतो, कारण समितीत कुणीतरी बोलणारच. झुडपं शेताच्या बांधाला आहेत, प्लॉटला नाहीत. त्यामुळे तुलनेसाठी तुमच्याकडे वीस नव्हे, चार नमुने आहेत, दोन विरुद्ध दोन. पर्यावरणशास्त्रात याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हर्लबर्ट यांचा त्यावरचा लेख १९८४ सालचा आहे आणि क्षेत्रातल्या बहुतेक रिव्ह्यूअरनी तो वाचलेला असतो. एका शेतातले प्लॉट एकमेकांसारखे असतात. समजा हा सारखेपणा (आयसीसी) ०.५ आहे. पाच-पाच प्लॉट घेतले तर डिझाइन इफेक्ट (या सारखेपणामुळे नमुन्यांची किंमत किती पटीने घटते तो आकडा) १ + (५ − १) × ०.५ = ३. म्हणजे सरासरी काढायला तुमचे वीस प्लॉट जेमतेम सात स्वतंत्र प्लॉटांएवढे. शेतं वाढवा, शेतागणिक प्लॉट कमी करा.

बजेटचं उत्तर इथूनच निघतं. आधी डिझाइन पक्कं करा, मग त्याला जे लागेल ते मागा, ना जास्त ना कमी. शेतं वाढली की प्रवास वाढेल, तो दाखवा. कमी मागितलं म्हणून कुणी खूश होत नाही, उलट "एवढ्यात हे होणार कसं?" असा शेरा येतो. आणि एक ओळ बहुतेक जण विसरतात: यातल्या कित्येक माश्या शेतात बघून जातीपर्यंत ओळखता येत नाहीत, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घालावा लागतो. ते कोण करणार? वर्गीकरणतज्ज्ञाचं संमतिपत्र आणि त्याचा खर्च दोन्ही जोडा. नमुने गोळा करायला परवानगी लागत असेल तर तिचाही उल्लेख करा.

धागाकर्ती

मनापासून आभार. पिशवीचा प्रयोग मला सुचलाच नव्हता. काल रात्री बसून बारा शेतं, प्रत्येकात दोन प्लॉट असं मांडून पाहिलं. प्लॉट चोवीसच होतात, मोजणीचं काम फारसं वाढत नाही, खर्च वाढतो तो प्रवासाचा. डिझाइन इफेक्ट ३ वरून १.५ वर येतो. पण मग जुन्या चार शेतांची आकडेवारी दाखवू की वगळू?

प्रतिसाद १

दाखवा, फक्त निष्कर्ष म्हणून नको. "झुडपांमुळे माश्या वाढल्या" असं लिहिलंत की अडकलात. "मोजणीची पद्धत जमते, आणि शेताशेतांत व प्लॉटांत किती चढउतार असतो याचा ढोबळ अंदाज यातून घेतला" असं लिहा, आणि तोच अंदाज वापरून बारा शेतं का, हे मांडा. चार शेतांवरून काढलेला आयसीसी फार डळमळीत असतो, म्हणून एकच आकडा न धरता ०.३ ते ०.७ असा पट्टा घेऊन गणित दाखवा. रिव्ह्यूअरला प्रामाणिक पट्टा नेमक्या आकड्यापेक्षा जास्त पटतो.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं. मी संस्थेच्या कार्यालयाच्या बाजूने सांगते. बऱ्याच पोर्टलवर अंतिम सबमिट तुम्ही करू शकत नाही, संस्थेचा अधिकृत अधिकारी करतो. त्यांना बजेट आधी तपासायचं असतं, ओव्हरहेडचा (संस्थेच्या वरखर्चाचा) दर लावायचा असतो, सह्या घ्यायच्या असतात. मुदतीच्या निदान आठवडाभर आधी बजेटची शीट त्यांच्या टेबलावर पाहिजे, मजकूर नंतर सुधारला तरी चालतो. वेळ कुठल्या घड्याळाची तेही बघा: युरोपियन रिसर्च कौन्सिलची मुदत ब्रसेल्सच्या वेळेनुसार असते, एनआयएचची अर्जदार संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार. आणि शेतमालकांची संमतिपत्रं आत्ताच मागायला लागा. बारा शेतं म्हणजे बारा सह्या, आणि एकाने नकार दिला तर हाताशी असावीत म्हणून दोन-तीन जास्तीची शेतं आधीच बघून ठेवा.