कांदेनवमीला काय करायचं? (ग्रुप: आजोळ)

सुनंदाआत्या: उद्या कांदेनवमी. एकादशीपासून वांगं, कांदा, लसूण बंद, ते थेट कार्तिकापर्यंत. दरवर्षी भरीत, भरली वांगी, कांदाभजी. यंदा काहीतरी वेगळं सुचवा गं. दीड किलो वांगी आणून ठेवलीत.

विनयकाका: वेगळं म्हणजे वांगं नसलेलं 🙏

केतकी (मार्सेय): आत्या, रातातुई कर! इकडे आत्ता उन्हाळा, बाजारात ढीगच्या ढीग लागलेत. वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, लसूण, वर ऑलिव्ह तेल. तुझ्या चातुर्मासात जे जे चालत नाही, त्यातलं बरंचसं एका भांड्यात. ही फ्रेंच मिश्र भाजी. मूळची दक्षिण फ्रान्समधल्या नीसची, पण इथेही घरोघरी होते.

अमृतावहिनी: ते उंदराच्या सिनेमातलं ना? रंगीत चकत्या गोल लावलेलं? ओवीला तेच हवंय.

केतकी: तसं नीसच्या आजीबाईला दाखवलंत तर ती नाक मुरडेल 😄 तिची रातातुई फोडींची. प्रत्येक भाजी वेगवेगळी परतायची, मग एकत्र करून मंद आचेवर शिजवायची. चकत्यांचा प्रकार मिशेल गेरार या शेफने १९७६ मध्ये आणला. मग थॉमस केलरने २००७ च्या त्या सिनेमासाठी त्यात फेरफार केले. चकत्या लावून ओव्हनमध्ये भाजायची घरगुती रीत मात्र प्रोव्हांसमध्ये आधीपासून आहे, तिला तियाँ म्हणतात. तू तेच कर, दीड तास गॅसपाशी उभं राहायला नको.

सुनंदाआत्या: नीट सांग. भरताचं वांगं चालेल?

केतकी: नको, बिया फार. लांब, सडपातळ घे. टोमॅटोही लांबट, कडक. पिकून मऊ झालेला चकतीत टिकत नाही. सगळ्यांची जाडी साधारण सारखी हवी, दोन-तीन मिलिमीटर. वांग्याला मीठ लावून वीसेक मिनिटं ठेव आणि फडक्याने टिपून घे.
पण आत्या, खरी चव खालच्या थरात. चकत्या दिसायला असतात, लोक तिथेच सगळा जीव ओततात आणि खाली डब्यातली प्युरी ओततात. ढोबळी मिरची भरताच्या वांग्यासारखी गॅसवर भाज, साल काढ. कांदा, लसूण तेलात अगदी मऊ होऊ दे, तांबूस नको. मग मिरची आणि टोमॅटो घालून इतकं आटव की उलथन्याने ओढलं तर तळ दिसला पाहिजे. पाणी राहिलं की वरचं सगळं उकडल्यासारखं होतं.

सुनंदाआत्या: म्हणजे तेल सुटेपर्यंत. असं सांग ना.

केतकी: 🙈 हो. त्यावर चकत्या एकमेकींवर अर्ध्या चढवत दाटीने लाव, तेल-मीठ आणि थाइमची सुगंधी पानं शिंपड, बटर पेपर झाक. १५० डिग्रीला साधारण सव्वा तास, मग कागद काढून वीसेक मिनिटं. सुरी सहज आत गेली की झालं.

अमृतावहिनी: थाइम कुठून आणू? एवढ्याशा पुडीला काय भाव लावतात!

केतकी: नको आणू. चिमूटभर ओवा चुरडून टाक. थायमॉल हे वासाचं द्रव्य दोन्हींत असतं, वास बराच जवळ जातो. पण चिमूटभरच हं, नाहीतर पोटदुखीचं औषध होईल.

विनयकाका: झुकिनीऐवजी दुधी?

केतकी: कोवळा असेल तर चालेल, मीठ लावून पिळून घ्या. दोडका नको, पाणीच पाणी. आणि काका, वांगं मुळात आपल्याकडचंच. टोमॅटो, मिरची अमेरिकेतून युरोपात आले. फ्रेंचांनी मांडणी केली फक्त 😛

विनयकाका: मग आपलं भरीत काय वाईट होतं?

सुनंदाआत्या: विनय, तू गप्प बस. केतकी, खायचं कशाशी? पोळीशी?

केतकी: इकडे पावाशी. भातावरही छान लागतं. दुसऱ्या दिवशी गारच खा, मुरल्यावर जास्त चांगलं.

सुनंदाआत्या: मग दशमीला संपवता येईल. अमृता, माझा ओव्हन तापत नाही, तुझा ओटीजी सकाळी पाठव. आणि बटर पेपर.

अमृतावहिनी: पाठवते. ओवी चकत्या लावायला येणारच आहे.

विनयकाका: आणि कांदाभजी?

सुनंदाआत्या: ती आहेच रे. कांदे तूच चीर.