एमए सायकॉलॉजी झालं, शाळेत काम करायचंय, पुढे काय?

मोगरा_नाशिक:
यंदा एमए झालं, समुपदेशन घेऊन. क्लिनिकल नकोय, शाळेतच मुलांसोबत काम करायचंय. एका शाळेत इंटरव्ह्यू दिला तर विचारलं आयक्यू टेस्ट घेता येते का, आणि बाई रजेवर असल्या की ऑफ तास घ्याल का 😐 पगार यथातथाच. नोकरी धरू का आधी अजून एखादा कोर्स करू?

वेलांटीवाली:
धर गं. पण ऑफ तासाला आत्ताच नाही म्हण, नाहीतर ज्या पोराला सकाळी वर्गात ओरडलीस ते दुपारी तुझ्याकडे येऊन काय बोलणार? आणि सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या केसेस दाखवून सल्ला घ्यायला, कोणीतरी सीनियर बघ, महिन्यातून दोनदा का होईना, पदरचे पैसे गेले तरी चालतील.
टेस्टचं म्हणशील तर बिने-कामत मराठीत आहे, पण मूळ १९३४ चं, नुसत्या आकड्यावर जाऊ नको. माझ्याकडे सहावीतला एक आलेला, बाई म्हणे वाचतो छान, लिहायचा आळस. धडा दिला तर घडाघडा वाचला, मी पुस्तक मिटलं तरी पुढची दीड ओळ चालूच! आईने रोज वाचून वाचून पाठ करून घेतलेलं. नवा उतारा दिला तेव्हा 'किनारा'चा 'कानरा' झाला, जोडाक्षर आलं की पोरगं घामाघूम. पण त्याआधी डोळे-कान तपासून घ्यायचे हां, चष्म्याचाच नंबर निघतो कधीकधी.

सातवीची_आई:
पालक म्हणून सांगते, एलडीचं (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) सर्टिफिकेट सरकारमान्य हॉस्पिटलचंच लागतं, शाळेच्या कागदावर बोर्ड सवलत देत नाही. आम्हाला हे कोणी धड सांगितलंच नाही, वर्ष गेलं. तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक, हे सगळं आहे, पण दहावीत जागं होऊन उपयोग नाही. तू पालकांना पाचवी-सहावीतच सांग.

वेलांटीवाली:
+१. आणि मोगरा, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशनशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून सही करू नकोस, शाळा गळ घालेल तरी. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, नीट वाच. मूल तसं काही सांगून गेलं तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

मोगरा_नाशिक:
थँक्यू ताई, हे वचनाचं कोणी शिकवलंच नव्हतं. टेस्टचं किट स्वतः घेऊ का?

वेलांटीवाली:
वेडी का, शाळेला घ्यायला लाव. तू आधी दार लागणारी खोली माग, मला पहिली दोन वर्षं स्पोर्ट्सच्या सामानात बसवलेलं.