मदत हवी आहे: अगस्त्य मोठा की व्याध?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. मुलगी कन्नड माध्यमात नववीला आहे. परवा रात्री दहाला गच्चीवर तिनं दक्षिणेकडं बोट करून 'अगस्त्य नक्षत्र' म्हटलं आणि आमचे आप्पा भडकले, "सत्तावीस नक्षत्रांत अगस्त्य कुठनं आला गं?" कन्नडमध्ये साध्या ताऱ्यालाही नक्षत्र म्हणतात, हे त्यांना पटत नाही. ते भांडण आमचं आम्ही बघू, अडचण वेगळीच आहे.

तिच्या वहीत दोन ताऱ्यांबद्दल लिहिलंय: व्याध, तापमान जवळपास १०,००० केल्विन, दृश्यप्रत (म्हणजे इथून किती ठळक दिसतो त्याचं माप) −१.४६. अगस्त्य, तापमान ७,००० च्या थोडं वर, दृश्यप्रत −०.७४. प्रत जितकी कमी तितका तारा ठळक, म्हणजे व्याध जास्त तापलेला आणि जास्त ठळकही. तरी खाली ओळ आहे, 'अगस्त्य व्याधापेक्षा कितीतरी पट तेजस्वी'. उतरवून घेताना चुकलं काय? शिवाय हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका क्षितिजावर असलेला हा अगस्त्य कधी तांबूस, कधी हिरवट लुकलुकतो. खरा रंग कुठला? जरा सोपं करून सांगा की.

प्रतिसाद १
वही बरोबर आहे, फक्त अंतर लिहायचं राहिलंय. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, अगस्त्य सुमारे ३१०. म्हणजे ३६ पट लांब. उजेड अंतराच्या वर्गानं पातळ होतो, ३६ गुणिले ३६, साधारण १,३०० पट. एवढा पातळ होऊनही अगस्त्य व्याधाच्या निम्मा दिसतो! म्हणजे मुळात तो सहाशे पटींहून तेजस्वी. कमी तापलेला असून हे जमतं ते आकारामुळं. व्याधाची त्रिज्या सूर्याच्या १.७ पट, अगस्त्याची ७० च्या आसपास. सूर्याच्या जागी ठेवला तर बुधाच्या कक्षेच्या जवळपास पोचेल.

रंग म्हणाल तर पांढरा, किंचित पिवळसर झाक. लुकलुक आपल्या हवेची. तुमच्याकडून तो जास्तीत जास्त २२ अंशांच्या आसपास चढतो, त्यामुळं उजेड हवेच्या जाड थरातून येतो. त्यात गुऱ्हाळांचा धूर असेल तर तांबूस दिसणारच. तरी तुमचं नशीब बरं, दिल्लीकरांना तो नऊ अंशांच्याही वर दिसत नाही.

धागाकर्ता
आभारी आहे. ३६ गुणिले ३६ पोरीनं लगेच करून बघितलं, १,२९६. आप्पाही ऐकत होते. म्हणाले, "सहाशे पट असू दे, पण तारा म्हण."