फॉरेस्ट ऑफ डीन : सासूबाईंचे गुडघे, बाबागाडी आणि दोन दिवस

ब्रिस्टलची_सूनबाई
मे अखेरच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सुट्टीत, सासू-सासरे इथे असतील. गाडीने फॉरेस्ट ऑफ डीनच्या जंगलात (ग्लॉस्टरशर) जाऊन एक रात्र राहायचं ठरतंय. मुलगा नऊ वर्षांचा, धाकटी अजून बाबागाडीत. सासूबाईंना पायऱ्या झेपत नाहीत, पण "तुम्ही जा, मी गाडीत बसते" हे मला ऐकायचं नाहीये. सगळे पझलवूड-पझलवूड करतात. ते आणि क्लिअरवेलच्या गुहा एका दिवसात होतात का? आणि रानडुकरं खरंच दिसतात? मुलगा त्याच आशेवर येतोय.

रानोमाळ
होतात की, दोन्ही कोलफर्डजवळच आहेत. पण तुमच्यातल्या निम्म्यांनाच. पझलवूड म्हणजे लोखंडाच्या जुन्या उघड्या खाणी, इथल्या बोलीत 'स्काउल्स'. खणणारे गेले, खडकांवर यू वृक्षांच्या मुळांनी आणि शेवाळाने ठाण मांडलं. वाट सारखी खाली-वर, ओबडधोबड पायऱ्या, अरुंद लाकडी पूल. बाबागाडीचं तिथे काम नाही, सासूबाईंचं तर नाहीच.

म्हणून पहिल्या दिवशी सरळ दोन तुकड्या करा. बाप-लेक पझलवूड आणि गुहांना जाऊ देत. गुहेत बारा महिने साधारण १० अंश असतात, जाकीट द्या. तिथे लोखंडाबरोबर गेरूही निघायचा, लाल, पिवळा, अगदी जांभळासुद्धा. मुलाला 'फ्री मायनर'ची गोष्ट सांगायला विसरू नका : सेंट ब्रिव्हल्स या इथल्या जुन्या विभागाच्या हद्दीत जन्म, वय २१ पूर्ण आणि खाणीत एक वर्ष एक दिवस काम, एवढं असेल तर आजही खाणकामाचा हक्क मागता येतो. माझ्या मते या जंगलाची खरी गंमत जमिनीखाली आहे, झाडं मागाहूनची.

तुम्ही बाकीचे नॉरचर्ड स्टेशनहून वाफेच्या गाडीत बसा. लिडनी ते पार्कएंड, सहा-सात किलोमीटर, झुकझुक करत. रोज धावत नाही, आधी वेळापत्रक बघा. कोलफर्डजवळ पेरीग्रोव्हचीही गाडी आहे, मुलांना फार आवडते, पण रुळांमधलं अंतर जेमतेम ३८ सेंटीमीटर, तेव्हा डबे किती बुटके ते समजा. दुखऱ्या गुडघ्यांना ती नको.

डुकरं आहेत, भरपूर आहेत. १९९० च्या दशकात पाळीव कळपांतून सुटलेली, २००४ मध्ये स्टॉन्टनजवळ आणखी काही कुणीतरी सोडून दिलेली, त्यांची ही प्रजा. पण फिरतात बहुतेक रात्री. दिवसा दिसते ती रस्त्याकडेची नांगरल्यासारखी उकरलेली हिरवळ, तीच मुलाला दाखवा. पिल्लांसकट मादी दिसलीच तर फोटोसाठी पुढे जायचं नाही. मेंढ्या मात्र हमखास, ऐन रस्त्यात. हॉर्नला भीक घालत नाहीत.

सायकलवेडा
बीचनहर्स्टची शिल्पवाट कशी विसरलात? १९८६ पासून आहे, तिकीट नाही, फक्त पार्किंग भरायचं. झाडांमध्ये उंच टांगलेली रंगीत काचेची खिडकी एकदा तरी बघावी. कॅनपला सायकली भाड्याने मिळतात, जुन्या रेल्वेमार्गांवरून मस्त फेरी होते.

रानोमाळ
विसरलो नाही, मुद्दाम गाळली. सबंध वाट सात-आठ किलोमीटरची आहे, दोन टोकांची दोन वयं घेऊन कशी करणार? सायकलीचं मात्र खरं, बाप-लेकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी करावी. आजी-आजोबांना तेवढ्यात कॅनपच्या तळ्याकाठी बसवा.

ब्रिस्टलची_सूनबाई
दोन तुकड्यांची कल्पना नवऱ्याला फारच आवडली, संशय यावा इतकी! वाय नदीकाठचं सिमंड्स यॅट राहिलं. तिथे सगळे एकत्र जाऊ शकू का? होडीचंही ऐकलंय.

रानोमाळ
तिथल्या यॅट रॉक या कड्यावर सगळे जा. गाडीतळापासून थोडंच चालणं आणि खाली वाय नदीचं मोठं वळण. कड्यांवर बहिरी ससाणे घरटी करतात, दुर्बीण असू द्या. होडी खाली सिमंड्स यॅट ईस्टला. नावाडी डोक्यावरची तार हाताने ओढत पैलतीरी नेतो. रॉकवरून पायी उतरू नका, उतार खडा आहे, गाडीनेच जा. पण खालचा रस्ता चिंचोळा आणि पार्किंग थोडं, त्यामुळे सकाळी आधी होडी, मग वर रॉक. नदीला पाणी चढलेलं असेल तर होडी बंद असते, निघायच्या आधी फोन करून विचारा.