दिव्यांग मुलं, वेगवेगळ्या धर्मांची मुलं, शाळा एकच. नियम कसे ठेवायचे?

नवी_मुख्याध्यापिका: नमस्कार, नुकताच शाळेचा चार्ज घेतलाय. पटावर व्हीलचेअरवरचा एक मुलगा आहे, ऐकू कमी येणाऱ्या मुली आहेत, डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यात अडचण), ऑटिझम असलेली मुलं आहेत, आणि घरचे धर्म म्हणाल तर चार-पाच तरी. आत्तापर्यंत पालक अर्ज घेऊन यायचे आणि केस बघून परवानगी मिळायची, कुणाला पेपरला जादा वेळ, कुणाला सणाची सुट्टी, कुणाला पीटीतून सूट. आता स्टाफ म्हणतो मॅडम एकाला दिलं की दुसरा येतो, सरसकट एकच नियम लावा. मला ते पटत नाहीये पण मग काय करायचं? वेळापत्रक अजून व्हायचंय.

विशेष_शिक्षिका: मॅडम, वेळापत्रक व्हायचंय ना, मग आत्ताच अर्जाची पद्धत जमेल तितकी मोडा. दरवेळी अर्ज म्हणजे मुलाने दरवेळी हात पसरायचे. स्टाफला हेही सांगा की संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात गरजेनुसार वाजवी सोय नाकारणं यालाच भेदभाव म्हटलंय, त्यामुळे "सगळ्यांना सारखा नियम" म्हणजे न्याय असं होत नाही.
आणि बऱ्याच सोयी सगळ्या वर्गालाच लावता येतात. त्या मुलाचा अख्खा वर्गच तळमजल्यावर आणा, लॅबसकट, त्याला एकट्याला खाली बसवू नका. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण ओठ वाचणाऱ्या मुलीचं तेवढं वाक्य गेलंच. धड्याच्या नोट्स आधी छापून द्या, त्या डिस्लेक्सियाच्या मुलाला लागतात आणि सणाला घरी राहिलेल्या मुलालाही लागतात, वेगळा अर्ज कशाला?

टाइमटेबल_सर: सुट्ट्यांचं मी सांगतो. ॲडमिशन फॉर्मवर धर्म विचारून अंदाज बांधू नका, एकाच धर्मातली दोन घरंसुद्धा सारखं पाळत नाहीत. "कुठल्या दिवशी मूल येणार नाही" एवढं विचारा, तेही ऐच्छिक, आणि दरवर्षी नव्याने विचारा कारण इस्लामी चांद्र कॅलेंडर दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतं, गेल्या वर्षीची यादी चालत नाही. शनिवारी चाचणी ठेवली तर ज्यू आणि सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट (ख्रिश्चनांचा एक पंथ) मुलांची अडचण होते, शनिवार हा त्यांचा धार्मिक विश्रांतीचा दिवस. प्रत्येक परीक्षेला एक राखीव तारीख आधीच जाहीर करा, आजारपण असो, सण असो, डॉक्टरची अपॉइंटमेंट असो, कारण सांगत बसायला नको.

मैदानावरून: पीटीतून सूट हा प्रकार मला अजिबात पटत नाही. सूट म्हणजे मूल कडेला बसून बघणार, मग ते व्हीलचेअरवरचं असो की डोकं झाकणारी मुलगी. फुटबॉलमध्ये २०१४ पासून आणि बास्केटबॉलमध्ये २०१७ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोकं झाकून खेळता येतं, मग शाळेच्या मैदानावर काय अडचण? घट्ट बसणारं, टाचणी नसलेलं कापड असलं की झालं. व्हीलचेअरच्या मुलाला अंपायर करून मोकळे होऊ नका, त्याला खेळता येईल असा खेळ निवडा.

एक_आई: सगळं बरोबर, पण दोन्ही गोष्टी एकाच मुलात असतात हे कुणी बोलत नाहीये. माझ्या मुलीला कानाची मशीन आहे आणि ती स्कार्फ बांधते. मशीनच्या माइकवर जाड कापड आलं की आवाज दबतो, कधी शिट्टी वाजते, आणि शिक्षकांना वाटतं लक्ष नाही. उपाय साधा आहे, पातळ कापड, कानाजवळ सैल, पण त्यासाठी मशीनची माहिती असणारं कुणीतरी आणि घरचे एकत्र बसायला हवेत. शाळेत एक बाई अपंगत्वाचं बघणार आणि दुसरे सर धर्माचं, असं केलंत तर माझी मुलगी दोघांच्या मधे राहते.
अजून गंभीर म्हणजे फिट्स येणारं मूल उपास धरतं तेव्हा. गोळी चुकली किंवा झोप मोडली तर फिट येऊ शकते. शाळेने उपासाला बंदी घालायची नाही आणि "घरचा प्रश्न" म्हणून सोडायचंही नाही. उपास सुरू व्हायच्या बरंच आधी पालकांना बोलवा, गोळीच्या वेळा डॉक्टरांनीच ठरवायच्या, आणि घरच्यांना हवं असेल तर त्यांच्या धर्मगुरूंशीही बोलू द्या. बऱ्याच धर्मांत आजारी माणसाला उपासातून मोकळीक आहे, पण ते शाळेने सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकलेलं मुलाला पटतं. आणि फिट आली तर काय करायचं हे प्रत्येक शिक्षकाला आधीच माहीत हवं.

नवी_मुख्याध्यापिका: ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन्हीचं काम एकाच टीमकडे देते, आणि औषधाचं पालकसभेत न काढता त्या त्या घराशी वेगळं बोलते. शनिवारची चाचणी आठवड्याच्या मधे आणतेय. एकच विचारायचंय, मशीनवाल्या मुलींना पहिल्या बाकावर बसवू का?

विशेष_शिक्षिका: त्यांनाच विचारा. एका कानाने जास्त ऐकू येत असेल तर तो कान शिक्षकांकडे हवा, आणि अगदी पुढे बसलं की मागच्या मुलांचे चेहरे दिसत नाहीत, चर्चा चालू असली की कोण बोलतंय तेच कळत नाही. बहुतेक जणी दुसरी-तिसरी रांग, जरा बाजूची जागा मागतील. पंखा आणि खिडकीचा गोंगाट लांब ठेवा.