मदत हवी आहे: बाबांना हायपरट्रॉफिक ऑलिव्हरी डीजनरेशन. पुण्यात कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

आजाराचं नाव एवढं लांबलचक आहे की आमच्या नातेवाइकांतल्या एकाही स्वयंघोषित डॉक्टराला ते माहीत नाही, म्हणून इथे विचारते.

बाबा सहासष्टचे, कर्वेनगरला राहतात. गेल्या दिवाळीच्या तोंडावर बीपी भडकलं आणि ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात), पॉन्स म्हणतात त्या भागात, रक्तस्राव झाला. आयसीयू, नळी, फिजिओ सगळं झालं. उन्हाळ्यात काठी घेऊन कॅनॉल रोडला फेरी मारून यायला लागले. सुटलो म्हणतोय तोवर पावसाळ्यात उजवा हात थरथरायला लागला आणि चालताना झोक जायला लागला.

हात मांडीवर असतानाही हलतो, पण कप उचलायला गेले की थरथर वाढते. कप तोंडापाशी जाईपर्यंत निम्मा चहा बशीत, उरलेला सदऱ्यावर. पेपरातल्या ओळी खालीवर नाचतात म्हणून वाचन बंद आहे. न्यूरॉलॉजिस्टनी 'आ करा' म्हणून टॉर्च मारला, तर पडजीभ आणि मागचा मऊ टाळू सेकंदाला दोनेकदा उडत होता, न थांबता. मग मी डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळंही वरखाली चाललेली. इतके दिवस घरात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पुन्हा एमआरआय काढला. मेड्युलाचा, म्हणजे ब्रेनस्टेमच्या सगळ्यात खालच्या तुकड्याचा, डावा भाग फुगीर दिसतोय आणि खाली रिपोर्टात 'ट्यूमर वगळावा' अशी ओळ. ती वाचून आईने जेवण सोडलं. न्यूरॉलॉजिस्टनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावली आणि सांगितलं, गाठ नाही, नवा अ‍ॅटॅकही नाही, जुन्या रक्तस्रावाचाच हा उशिरा आलेला परिणाम आहे. हे असं मागाहून होऊ शकतं, ही कल्पना डिस्चार्जच्या वेळी कोणी दिली असती तर निदान ती रात्र तरी बरी गेली असती.

क्लोनाझेपॅमने बाबा दिवसभर पेंगतात. आता गॅबापेंटिन सुरू करू म्हणतात. कोणाच्या घरी हे झालंय का? नक्की काय बिघडतं, कोणी सोप्या भाषेत सांगेल का? आणि घरी येणारे न्यूरो फिजिओ कोणी सुचवाल का?

मेंदूवाला: न्यूरॉलॉजीचा रेसिडेंट डॉक्टर आहे, तुमचे डॉक्टर मात्र तुमचेच डॉक्टर. लहान मेंदूतलं डेंटेट, मिडब्रेनमधलं (ब्रेनस्टेमच्या वरच्या भागातलं) रेड न्यूक्लियस आणि मेड्युलातलं इन्फिरिअर ऑलिव्ह या पेशींच्या तीन पुंजक्यांचा एक त्रिकोण असतो. गियाँ आणि मोलारे या फ्रेंच डॉक्टरांनी तो १९३१ मध्ये दाखवून दिला, त्यांचंच नाव त्याला आहे. पॉन्समधून ऑलिव्हकडे जाणारी वाट रक्तस्रावात तुटली की ऑलिव्हवरचा लगाम सुटतो. तिथल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असल्याने मास्तर बाहेर गेल्यावर अख्ख्या वर्गाने एका ठेक्यात बाकं बडवावीत तशा त्या एकदम चालू होतात. टाळू, डोळे, हात त्यातूनच हलतात. गंमत म्हणजे इतरत्र अशी जोडणी तुटलेली पेशी आक्रसते, इथे ती आधी फुगते. म्हणून रेडिओलॉजिस्टला गाठीची शंका येते, त्यात त्यांचा फार दोष नाही. ऑलिव्ह डावं आणि हात उजवा हेही बरोबर जुळतंय, कारण ऑलिव्हचा परिणाम विरुद्ध बाजूच्या हातापायावर दिसतो.

एमआरआयवर ऑलिव्हमध्ये चकाकी महिन्या-दोन महिन्यांत येते, फुगवटा साधारण सहा महिन्यांनी दिसतो आणि तीन-चार वर्षांत उतरतो. पण फुगवटा उतरला म्हणजे कंप थांबेल असं धरून चालू नका, बऱ्याच जणांचा राहतो.

सहकारनगरची सून: माझ्या सासूबाईंना मिडब्रेनच्या स्ट्रोकनंतर होम्स ट्रेमर (हात स्वस्थ असतानाही आणि हलवतानाही होणारा कंप) झाला होता, हात असाच. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाने हाताला फरक पडला, सगळ्यांना पडतो असं नाही म्हणाले. डोळ्यांसाठी गॅबापेंटिन आणि मेमँटिन देतात, पण सुरुवातीला चक्कर येते. रात्री एकटं उठू देऊ नका.

पायरी पायरीने: मी न्यूरो फिजिओ आहे. मनगटाला वजनाचा पट्टा सगळे सुचवतील, काहींना फायदा होतो, काहींचा हात लवकर थकतो. विकत घ्यायच्या आधी क्लिनिकमध्ये लावून बघा. चहाला जड बुडाचा, झाकणवाला मग द्या, निम्माच भरा आणि कोपर टेबलावर टेकवून प्यायला सांगा. चालताना पाय थोडे फाकवून, वळताना छोटी पावलं, आणि वळताना त्यांनी बोलायचं नाही, तुम्हीही त्यांच्याशी बोलू नका. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कोथरूड-कर्वेनगर भागात जाणारे दोघं माहीत आहेत.

काका पेठवाले: आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, नाडी बघून सांगतात.

धागाकर्ती: काका, नाडी तीन जणांनी आधीच बघितली आहे, एकाने मुळव्याध सांगितली.

बाकीच्यांचे खरंच आभार. 'नवा अ‍ॅटॅक नाही' हे आईला मेंदूवाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर पटलं, माझं बोलणं पटत नव्हतं. लेव्होडोपाचं पुढच्या भेटीत विचारते. फिजिओताई, व्यनि केला आहे. आता एकच राहिलं: वॉकर चाकांचा घ्यावा की बिनचाकांचा? बाबा ब्रेक दाबेपर्यंत तो पुढे पळेल अशी मला भीती वाटते, आणि बिनचाकाचा उचलायला गेले की हात थरथरतो. वापरलेला कोणाकडे पडून असेल तर चार दिवस नेऊन बघायलाही चालेल.